रिकामा वाडगा

“त्याच्या पायातले बूट तेवढे काढता येतील का?” चर्चसाठी देणग्या गोळा करणाऱ्या नोरीनने संकेतच्या लॅपटॉपच्या पडद्यावर बोट ठेवून विचारलं.

पडद्यावर झांबियातल्या एका खेड्यातला सात-आठ वर्षांचा मुलगा होता. हातात वाडगा, वाडग्यात मक्याच्या पिठाची पांढरी उकड, तिच्यावर पालेभाजी, आणि तोंडभर हसू. शहराच्या कडेच्या सिटीवेस्ट या वस्तीजवळच्या या चर्चने तिथल्या चर्चशी नातं जोडलं होतं. इथून पैसे जायचे, तिकडे शाळेत दुपारचं जेवण शिजायचं. तिथल्या मास्तरांनी मोठ्या कौतुकाने फोटो पाठवला होता की बघा, तुमच्यामुळे आमची पोरं कशी जेवताहेत. नोरीनला नेमकं तेच खुपत होतं.

“फारच मजेत दिसतोय हा,” ती म्हणाली. “ईस्टरच्या आधी दारात पोस्टर लावायचंय. असलं ग्रँड, खाऊनपिऊन खुशाल पोरगं बघून कोण खिशात हात घालणार?”

संकेतच्या तोंडावर आलं होतं की बाई, पोरगं जेवावं म्हणूनच पैसे पाठवलेत ना? पण तो ‘बघतो’ एवढंच म्हणाला. त्याचं चर्चशी काही देणंघेणं नव्हतं. पुण्याहून नोकरीसाठी इकडे आलेला माणूस, सॉफ्टवेअरमधला, घरी देव्हाऱ्यात गणपती. अडलं होतं ते लेकीपायी. रेवाला सप्टेंबरात शाळेत घालायचं होतं. जवळपासची एकुलती एक शाळा चर्चची. जागा कमी पडल्या की बाप्तिस्मा झालेली मुलं आधी, बाकीची मागाहून, आणि २०१६ साली इथल्या कायद्यालाही ते चालत होतं. उरलेल्या दोन जागा शाळेचं मंडळ ठरवणार होतं आणि नोरीन त्या मंडळावर होती. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, तसं होतं सगळं. ‘पोस्टर करून देशील?’ असं तिने विचारलं तेव्हा तिचं वाक्य संपायच्या आत हा हो म्हणून मोकळा झाला होता.

त्याने बूट पुसले. बुटांच्या जागी पाय तर हवेत, म्हणून दुसऱ्या कुठल्या तरी पोराचे धुळकट पाय आणून चिकटवले.

मग नोरीनला वाडग्यातली उकड जास्त वाटली. मग भाजी फार हिरवी वाटली. शेवटी तिने गोड आवाजात सांगितलं की वाडगा रिकामाच करून टाक, लोकांना पटकन कळतं.

घरी हे ऐकून त्याच्या बायकोने, वृंदाने, नाक मुरडलं. “शी! जेवत्या पोराच्या पुढ्यातलं काढून घेतात का कुणी? माणसं आहेत की कोण?” तिने तावातावाने कुकर लावला. शिट्टी झाली, गॅस बंद झाला, आणि मग तीच हळू आवाजात म्हणाली, “पण शुक्रवारपर्यंत काही बोलू नकोस हं तिला. बैठक आहे मंडळाची.”

गुरुवारी संध्याकाळी तो रिकाम्या वाडग्याचं चित्र लॅपटॉपवर घेऊन चर्चच्या हॉलमध्ये गेला. वृंदाची शिफ्ट होती, म्हणून रेवा बरोबर होती. ती बिस्किटांच्या बशीपाशी जाऊन बसली. नोरीनने चित्र पाहिलं, मान डोलावली आणि म्हणाली, “छान. आता फक्त ते हसू घालव.”

“नाही,” संकेत म्हणाला. “ते जमणार नाही. हसू आहे ते, डाग नाही पुसून टाकायला.”

बोलून झाल्यावर त्याला किती बरं वाटलं. दोन आठवडे पोटात साठलेली किळस एकदाची बाहेर पडली होती. घरी जाऊन वृंदाला सांगायचं वाक्यसुद्धा त्याने मनात जुळवून ठेवलं.

नोरीन चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. तिने चहाचा घोट घेतला आणि तिची नजर रेवावर गेली. रेवाच्या सावळ्या, इवल्या हातांवर जास्त वेळ रेंगाळली.

“फोटोच नवा काढू या,” ती म्हणाली. “नुसते हात आणि वाडगा. चेहरा मागे पुसट, सगळं काळं-पांढरं. हात काय रे, कुणाचेही हातच.” तिने प्रेसमधून, म्हणजे तिथल्या कपाटातून, टवके उडालेला वाडगा काढला. रेवासमोर गुडघे टेकून बसली, तिच्या हातातलं अर्धं बिस्किट हळूच सोडवून बशीत ठेवलं. “हे नंतर हं, पेट,” ती लाडाने म्हणाली. मग मागे न वळताच बोलली, “उद्याची बैठक माझ्या लक्षात आहे, संकेत. काळजी करू नकोस.”

संकेतला वाटलं, उठावं, पोरीला कडेवर घ्यावं आणि चालू पडावं. खरंच त्याने खिशातल्या गाडीच्या किल्लीला हात घातला.

रेवाला हा खेळच वाटला. तिने दोन्ही हातांनी वाडगा पुढे धरला. ओठांवर बिस्किटाचा चुरा, आणि हसू थेट त्या पोरासारखं, या कानापासून त्या कानापर्यंत.

“बाबा, लाइक धिस?”

किल्ली खिशातच राहिली. हातात फोन आला. त्याने तो डोळ्यांसमोर धरला, रेवाचे हात चौकटीत नीट बसवले.

“हसू नकोस, बाळा,” संकेत म्हणाला.