बेलभंडारा

निजामाचं राज गेलं, तरी वालूरच्या धनगरांत मेंढरांच्या चोरीचा निवाडा बिरोबाच्या जुन्या देवळातच व्हायचा. उमाजीचा एडका हरवला होता, आणि त्याचा संशय सख्ख्या व्याह्यावर, येडबावर होता.

"चोरला नसंल तर बेलभंडारा उचला," उमाजी म्हणाला. "आण खोटी निघाली तर लेकराबाळाचं वाटोळं हुतं, ध्यानात ठिवा."

येडबानं डोक्यावरचा पटका काढून बाजूला ठेवला आणि भंडाऱ्याच्या ताटाकडं हात नेला.

"उचलतो की, इवाई. मला लेकरू एकच हाय, तुमच्या घरी दिलेलं. सातवा महिना लागलाय तिला."

 

उमाजीनं त्याचा हात वरच्यावर धरला आणि पंचांकडं वळून म्हणाला, "एडका घावलाय."