एक मात्रा आधी

दिवेलागणीला कालिंदीबाईंचा भूप सुरू झाला, तशा यमुताई डोळे मिटून त्या जागेची वाट पाहू लागल्या. गाण्यातलं त्यांना ओ की ठो कळत नसे, पण ती जागा पाठ होती.

हे गाणं मुद्रित झालं त्या मिरजेच्या मैफलीत यमुताईंचे यजमान, अण्णा, समेच्या एक मात्रा आधीच "वाह!" म्हणून ओरडले होते. सगळी सभा हसली होती. बाईही हसून म्हणाल्या होत्या, "थांबा हो, येतेय मी!" अण्णांना जाऊन अकरा वर्षं झाली. त्यांचा आवाज उरला होता तो या एवढ्याच ध्वनिमुद्रणात.

आज "वाह!" आलं, पण उशिरा, नेमकं समेवर. कुणी हसलं नाही. बाई गातच राहिल्या.

"मेधा, अगं हे काय झालं?"

मुलीने पडद्यावर पाहिलं. "आई, सोमवारी जगातली सगळी जुनी ध्वनिमुद्रणं यंत्राने शुद्ध केली ना. चुकलेली दादही जागेवर आणून बसवली."

"मग मूळचं लाव."

"मूळचं पुसलंय गं. सगळीकडचंच."

"पण ते चुकले नव्हते. त्यांना राहवलं नाही."

यमुताईंनी गाणं पुन्हा लावायला सांगितलं. ती जागा आली आणि त्या स्वतःच ओरडल्या, "वाह!"

गाणं थांबलं. यंत्र मायेने म्हणालं, "आजी, सम अजून आली नव्हती. पुढच्या वेळी मी खूण करीन."