सबळ कारण

"रडायचं नाही," वॉल्ट कोझिक लुसिंडाच्या कानाशी कुजबुजला. "रडलीस की ते पाण्याचा ग्लास पुढे करतात. आपल्याला पिस्तूल पाहिजे."

"रडू कुठे येतंय? मला राग आलाय."

"मग रागानं बोल. पण चोरांवर बोल. चोर सगळ्यांना समजतो."

नगरभवनाच्या दारात पोलिसांनी दोघांच्याही पिशव्या उलथ्यापालथ्या करून पाहिल्या होत्या. त्या पोलिसांच्या कमरेला पिस्तुलं होती. आत, त्यांच्या भरवशावर निर्धास्त बसून समिती विचार करत होती, की सामान्य नागरिकाला पिस्तूल लागतंच कशाला.

लुसिंडा पेशोटो शाळेची बस चालवायची. नवरा गेल्यापासून एकटीच. सकाळी अंधारात घर सोडायचं, हिवाळ्यात अंधारातच परतायचं. त्या हिवाळ्यात तिच्या घरात कुणीतरी शिरून गेलं. एकदा नाही, तीनदा. तिनं पिस्तूल बाळगण्याच्या परवान्यासाठी अर्ज केला. त्यावर पोलीसप्रमुखाची सही लागते आणि सहीसाठी सबळ कारण लागतं. उत्तर आलं : अर्जदाराची भीती सर्वसाधारण स्वरूपाची आहे. आज त्यावरचं अपील होतं. समितीनंही नाही म्हटलं, की विषय संपला.

बोलायला प्रत्येकी दोन मिनिटं. आधी वॉल्ट उठला. त्याचं हार्डवेअरचं दुकान होतं आणि शहरातल्या शस्त्रहक्क संघटनेचा तो अध्यक्ष होता. संघटनेची अख्खी सभा त्या दुकानातच मावायची.

"मी कुलपं विकतो," तो गरजला. "एकाच दारासाठी लोक तिसरं कुलूप न्यायला येतात, तेव्हा पैसे घ्यायची लाज वाटते मला. तुम्ही म्हणता, पोलिसांना फोन करा. फोन केला की विचारतात, चोर अजून घरात आहे का? आहे म्हटलं तर म्हणतात, थांबा. गेला म्हटलं तर म्हणतात, मग घाई कसली? टेकडीवरच्या बंगल्यांना पहारेकरी आहेत, त्यांच्याकडे पिस्तुलं आहेत. आणि बस चालवणाऱ्या बाईनं काय करायचं? शिट्टी फुंकायची! वाटल्यात ना तुम्ही गेल्या वर्षी, नारिंगी रंगाच्या?"

"माझी तर वाजतसुद्धा नाही!" मागून एक म्हातारी ओरडली.

सभागृह हसलं. समितीच्या अध्यक्ष बर्निस टेट हसल्या नाहीत.

"राज्यघटनेतल्या, शस्त्राचा हक्क देणाऱ्या दुसऱ्या दुरुस्तीत," वॉल्ट टेबलावर मूठ आपटून म्हणाला, "शिट्टी हा शब्द कुठेही..."

माइक बंद झाला. वॉल्टची मूठ आणखी दोनदा आपटली, पण आवाज काही समितीपर्यंत पोचला नाही.

अध्यक्षांच्या उजवीकडे पोलीसप्रमुख रेमंड हॅलोरन बसले होते. पांढरे केस, हळू आवाज. त्यांनी वॉल्टकडे समजूतदारपणे पाहिलं.

"वॉल्ट चिडलाय. त्याच्या जागी मीही चिडलो असतो. पण लुसिंडाबाईंनाच विचारू या. तुम्ही फोन केलात, तेव्हा कोण आलं?"

"तुम्ही," लुसिंडा म्हणाली.

"तिन्ही वेळा?"

"तिन्ही वेळा."

"उशिरा?"

"नाही. लगेच."

वॉल्टनं कपाळाला हात लावला. दोन मिनिटांचं भाषण बाईनं चार शब्दांत धुऊन टाकलं होतं.

"काही चोरीला गेलं?"

"नाही."

"काहीतरी गेलं म्हण की," वॉल्ट दातओठ खात पुटपुटला. "चमचा तरी!"

"आणि अजूनही," हॅलोरन सभेकडे वळून म्हणाले, "घरी जाताना मी मुद्दाम यांच्या गल्लीतून गाडी नेतो. खिडकीत दिवा दिसला की मगच पुढे जातो. ज्या शहरात प्रमुख स्वतः एवढं करतो, तिथे घराघरात पिस्तूल कशाला हवं?"

टाळ्या पडल्या. वॉल्टच्या रांगेतल्याही दोघातिघांनी वाजवल्या. त्यांच्याकडे वॉल्टनं अशा नजरेनं पाहिलं, की वर्गणी परत करतो की काय असं वाटावं.

लुसिंडा उठून माइकपाशी गेली. रागानं तिची मान लाल झाली होती.

"बाई," बर्निस टेट म्हणाल्या, "मला तुमच्याबद्दल सहानुभूती आहे. पण सर्वसाधारण भीतीवर परवाना देता येत नाही. एका ठरावीक माणसापासून धोका असेल, तर गोष्ट वेगळी. तो माणूस कोण, तुम्हाला ठाऊक आहे?"

"आहे."

वॉल्ट ताडकन उभा राहिला. "मला नाही कधी सांगितलंस!"

"तू भला माणूस आहेस, वॉल्ट. तू सरळ त्याच्याशी बोलायला गेला असतास."

"मग पोलिसांत तक्रार का नाही केलीत?" बर्निस टेट आता खरोखरच चिडल्या. "आमचा वेळ, साहेबांचा वेळ! नाव सांगा त्याचं. जिथे असेल तिथे साहेब आत्ता माणूस पाठवतील."

"पाठवायला नको," लुसिंडा म्हणाली. "तुमच्या उजव्या हाताला बसलाय."