पोर्चचा पहिला खांब

विद्यापीठाच्या आमच्या जुन्या इमारतीला यंदा प्लास्टर केलं. घडीव जांभ्याला प्लास्टर करायची अक्कल कुणाची, देव जाणे.

मी तिचा इतिहास लिहितोय, आणि तो सगळा पोर्चच्या पहिल्या खांबात होता. इथं शिकलेला मुलगा जहाजावर निघाला की त्या खांबाला उजवा पंजा टेकवायचा; सुखरूप परतला की, घरी जायच्या आधी, डावा. इतक्या हातांनी दगड खोलगट झाला होता. तोही बुजवला.

भर मे महिन्यात त्या जागी ओल आली. गवंडी रघूने दोनदा गिलावा खरवडून नवा केला. ओल पुन्हा तिथंच. डाव्या पंजाच्या आकाराची, करंगळी अर्धी.

तशी करंगळी माझ्या एकाच विद्यार्थ्याची होती. मिरकरवाडा बंदरावरच्या फुजैलची, लहानपणी बर्फाच्या मशीनमध्ये गेलेली. पुढे त्याचं जहाज बुडालं, तो सापडलाच नाही.

मी त्याच्या आईला बोलावून घेतलं. रहिमाचाचींनी ठशावर बोटं फिरवली, जिभेला लावली.

"खारट हाय," त्या म्हणाल्या. "डावा हात. म्हंजे आला माझा पोर."

"चाची, बसा जरा."

"पन सर, आम्ही मिरकरवाडा सोडून लांज्याला गेलो. त्याला नवा घर कुठं म्हायत हाय?"

मग त्या खांबाला ओठ लावून हळू आवाजात पत्ता सांगू लागल्या. एसटी स्टँड, काजूचा कारखाना, निळं दार.

सांगत सांगत त्या निळ्या दारापर्यंत आल्या, तोवर खांब कोरडा झाला होता.