मासे बंद

“पुन्हा चोरून मासा चारलास तू तिला,” कुराहाशी म्हणाले. मांडीवरच्या ओकाराची हनुवटी धरून त्यांनी तिचं तोंड बायकोकडे फिरवलं. पांढऱ्या मांजरीच्या नाकाचा दांडा खाजवून खाजवून सोलवटला होता. कानांच्या कडांवर खपल्या धरल्या होत्या.

“अहो, घरात मासा आहेच कुठे?” मित्सुए म्हणाली.

खरंच नव्हता. कुराहाशींनी चाळीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला होता. निवृत्तीनंतर त्यांच्या वर्गात बायको ही एकच विद्यार्थिनी उरली होती. मे महिन्यात ओकारा नाक खाजवू लागली, तेव्हा डॉक्टरकडे न नेताच त्यांनी निदान केलं: माशाची ॲलर्जी. त्या दिवसापासून मिसोच्या सारातून सुक्या माशाचे पापुद्रे गेले. बांगडा गेला. शेवटी पडवीतल्या कमळाच्या कुंडीत मित्सुएनं दहा वर्षं सांभाळलेले, नखाएवढे मेदाका मासेही गेले. मांजर कुंडीशी बसते, म्हणून.

“ते काही शोभेचे नाहीत हो,” मासे भरलेल्या बादलीच्या कडीला हात घालत ती म्हणाली होती.

“मग कशासाठी आहेत? शिकव मला,” ते हसले होते. बादली शेजाऱ्यांकडे गेली.

आता जुलै होता. खाज दुप्पट झाली होती. ओकारा रोज संध्याकाळी कुंडीशी बसून पाण्यात आपले हरवलेले मासे शोधत राही.

“बघ, अजून जीभ चाळवलेली आहे,” कुराहाशी म्हणत. “कोण चाळवतंय तेही कळतं मला.”

त्या दिवशी मित्सुए वाद न घालता उठली. टोपलीत मांजर घातली आणि सरळ दवाखाना गाठला. डॉक्टर हिबिनोंनी अंगभर बारीक कंगवा फिरवला. पिसवा नव्हत्या. भिंगाखाली बुरशीही दिसली नाही. नाकाकडे मात्र त्या बराच वेळ बघत राहिल्या.

“आठवडाभर इथे ठेवू या, जाळी लावलेल्या खोलीत. आणि तुमच्या यजमानांना माशाचाच संशय असेल, तर मुद्दाम मासाच देऊन पाहू?”

“द्या,” मित्सुए म्हणाली. “दोन्ही वेळा द्या.”

आठव्या दिवशी कुराहाशी जातीनं हजर झाले. ओकाराच्या नाकावर कोवळी कातडी धरली होती. कान स्वच्छ होते.

“पाहिलंस?” ते बायकोकडे वळले. “आठ दिवस तुझ्या हातचं बंद झालं आणि मांजर बरी! मासा. दुसरं काही नाही.”

“सकाळ-संध्याकाळ बांगडाच खात होती ती,” डॉक्टर म्हणाल्या. “तिला डास सोसत नाहीत. नाकावर आणि कानांवर केस विरळ, तिथेच ते चावतात. घरी पाणी कुठे साचून राहतं का?”

कुराहाशींचा चेहरा क्षणभर उतरला. लगेच सावरला.

“पडवीत कमळाची कुंडी आहे तेवढी. पण ती काळजी नको. मी त्यात एकही मासा शिल्लक ठेवलेला नाही.”

डॉक्टरांनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं. “म्हणजे डासांच्या अळ्या खायला कुणीच उरलेलं नाही.”

मित्सुएनं टोपलीची कडी लावली.

“अहो,” ती म्हणाली, “आता शिकवू?”