न पाळलेला दिवस

“याच्या बाजूनं कुणाला काही बोलायचंय?” धर्ममंडळीच्या प्रमुखांनी विचारले, आणि सगळ्या माना वडिलांकडे वळल्या.

वडील पहिल्या बाकावर बसले होते. हात गुडघ्यांवर, नजर फरशीवर. कुलपे दुरुस्त करण्यात त्यांचे आयुष्य गेले होते. बोटांच्या पेरांत पितळेचा कीस कायमचा मुरला होता. हट्टाला पेटलेले कुलूपही त्यांच्या हातात गेले की मुकाट्याने उघडे. आज त्यांचे स्वतःचे ओठ उघडत नव्हते.

मुलगा समोर उभा होता. त्याचा गुन्हा एवढासा होता. लेकीला वर्ष पूर्ण झाले त्या दिवशी त्याने लहानशा केकवर एक मेणबत्ती लावली. शेजारच्या पोरांनी टाळ्या पिटल्या. भिंती पातळ होत्या; टाळ्या मंडळीच्या कानांवर गेल्या. या मंडळीत वाढदिवस करत नसत. जन्माचा दिवस पाळायचा नाही, मृत्यूचाही नाही. सारे दिवस देणाऱ्याचे; त्यातला एक उचलून माणसाने आपल्या डोक्यावर मिरवू नये, अशी तिथली शिकवण होती.

प्रमुखांचा आवाज मवाळ झाला. “दादा, तुम्ही याला तान्हा असताना घेऊन आमच्याकडे आलात. का आलात, तेवढं आज त्याच्यादेखत सांगा. ऐकून तो नमला, तर आम्ही सगळं पोटात घालू.”

वडिलांनी मान वर केली. मुलाकडे पाहिले. ओठ किंचित विलग झाले, जणू आत कुठेतरी किल्ली फिरली. मग ते पुन्हा मिटले.

“नाही,” ते म्हणाले.

त्याला मंडळीबाहेर काढण्यासाठी हात वर झाले. उद्यापासून मंडळीतले कुणी मुलाशी बोलणार नव्हते, त्याच्या ताटाशेजारी ताट मांडणार नव्हते. दुकानातल्या एकाच बाकावर बाप किल्ल्या घासायचा आणि मुलगा कुलपे जोडायचा. तो बाकही त्या हातांखाली मोडला. शेवटी वर आलेला हात वडिलांचा होता.

मुलगा बाहेर आला तेव्हा पायरीवर आत्या बसली होती, मांडीवर त्याची लेक. आत्या मंडळीत कधीच आली नाही. मंडळी तिला मानत नसे आणि ती मंडळीला. या एका बाबतीत दोघींचे एकमत होते.

“काय झालं?”

“काढलं.”

“आणि तुझा बाप?”

“तोंड शिवून बसले. उघडलं ते ‘नाही’ म्हणायला.”

तो तिच्याशेजारी बसला. पायरी उन्हाने तापली होती. त्याला सोनेरी कागदाचा मुकुट आठवला. पहिलीत असताना वाढदिवसाला बाईंनी तो त्याच्या डोक्यावर ठेवला होता, आणि तो घालून तो नाचत घरी आला होता. वडिलांनी मुकुट काढला. घडी घातली. घडीची घडी घातली. आणखी घालायला कागद उरला नाही, तरी बोटे थांबेनात. ती थरथरत होती, आणि त्या थरथरीला त्याने तेव्हा राग हे नाव दिले होते. “आपल्या ग्रंथात वाढदिवस दोनदाच येतो,” वडील म्हणाले होते, “आणि दोन्ही वेळा कुणाचा तरी जीव जातो.”

“माझा दिवस या लोकांनी खाल्ला, आत्या,” तो म्हणाला. “मी रांगत होतो तेव्हा आई तापानं गेली, नाहीतर तिनं मला हा एक दिवस तरी दिला असता.”

पोर आत्याच्या कानातला डूल ओढत होती. तिने तो सोडवून घेतला नाही.

सभागृह रिकामे झाले. वडील सर्वांत शेवटी बाहेर आले. त्यांनी दाराला कुलूप घातले आणि सवयीने दोनदा ओढून पाहिले. ते पायरीशी आले तेव्हा नातीने दोन्ही हात त्यांच्याकडे पसरले. त्यांची पावले क्षणभर अडखळली. मग ते तिच्या बाजूने, मुलाच्या बाजूने, कुणी नसावे तसे निघून गेले.

त्यांची पाठ कोपऱ्यावर पोहोचेपर्यंत आत्या पाहत राहिली.

“ताप कसला रे,” ती म्हणाली. “त्यानं मला शपथ घातली होती. आज मोडते. तू सकाळी आलास. त्याच दुपारी तुझी आई गेली.”

मुलाने लेकीचा हात धरला. मुठीत तो पूर्ण मावला. रस्त्यावर आता कुणी नव्हते. तो हात सोडेना. तो म्हणाला, “मग मंडळीनं त्यांना हे लपवायला लावलं?”

“मंडळी कुठली? तेव्हा आम्ही तिचं नावही ऐकलं नव्हतं,” आत्या म्हणाली. “‘पोरगा मेणबत्ती विझवेल आणि विचारेल, बाबा, तुम्ही का रडता? मी काय सांगू?’ एवढंच तो घोकत बसायचा. मग एक दिवस त्यानं तुला छातीशी बांधलं आणि दारोदार विचारत फिरला, वाढदिवस न करणारी माणसं कुठं राहतात.”