बाटल्यांना हादरा नको

नवऱ्याने गुंतवणूक म्हणून भारी वाइनची पेटी आणली आणि बायकोच्या शिलाईच्या खोलीत ठेवली.

"आता तुझं मशीन बंद. हादऱ्याने वाइन बिघडते."

"आणि माझी गिऱ्हाइकं?"

"अगं, वाइन मुरली की दामदुप्पट पैसे मिळतील. दहा वर्षांचाच तर प्रश्न आहे!"



संध्याकाळी तो घरी आला, तर मशीन धडधडत होतं. पेटी बेडरूममध्ये एसीच्या गारव्यात होती आणि त्याची गादी हॉलमध्ये, पंख्याखाली.

"हे काय?"

तिने दाताने दोरा तोडला. "माझं मशीन परवडलं, तुमच्या घोरण्याने तर भिंती हादरतात. झोपा आता बाहेरच. दहा वर्षांचाच तर प्रश्न आहे!"